पस्तीस टक्के घट्ट, तरी ठिसूळ

भारतातून कधीतरी फोनवर आईचा किंवा मावशीचा रिपोर्ट येतो. डेक्सा स्कॅन, कंबरेचा मणका, मांडीच्या हाडाची मान, समोर टी-स्कोअर. खाली प्रश्न: "बघ ना, काय म्हणतायत?" तुम्ही तो आकडा गूगल करता. उणे २.५ च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, हे एका मिनिटात कळतं. वर्षभरानं दुसरा रिपोर्ट येतो, आकडा थोडा सुधारलेला असतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. घनता वाढली, म्हणजे हाड मजबूत झालं. इतकं सरळ की त्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही.

आज मला तुमच्यासोबत एक जुना पेपर वाचायचा आहे. त्यानं हाच प्रश्न विचारला आणि फार महागात पडलेलं उत्तर दिलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे लॉरेन्स रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांचा हा पेपर १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. विषय होता सोडियम फ्लोराइड, ऑस्टिओपोरोसिसवरचं औषध म्हणून. हो, औषध म्हणून. आज फ्लोराइड म्हटलं की टूथपेस्ट, नळाचं पाणी आणि त्यावरून होणारी भांडणं आठवतात. पण जवळजवळ तीस वर्षं डॉक्टर मंडळी त्याच्याकडे हाडं भरून काढणारा पदार्थ म्हणून बघत होती.

हा पेपर आजही सारखा उद्धृत होतो. पाण्यात फ्लोराइड घालण्याला विरोध करणारे तो पुरावा म्हणून दाखवतात, आणि बाजूनं बोलणारे "तो डोस वेगळा होता" म्हणून बाजूला सारतात. दोन्हीकडच्या लोकांनी तो पुरता वाचलेला नाही असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

ही कल्पना आली कुठून?

१९३२ मध्ये डेन्मार्कमध्ये म्योलर आणि गुडयॉनसन या दोन डॉक्टरांनी कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांचे एक्स-रे छापले. क्रायोलाइट म्हणजे ग्रीनलंडहून येणारं, फ्लोरिन असलेलं खनिज. त्याची धूळ वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या कामगारांची हाडं एक्स-रेवर नेहमीपेक्षा कितीतरी पांढरी, दाट दिसत होती. स्नायूबंधांमध्येही कॅल्शियम साचलं होतं. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच देशातल्या काय रोहोल्मनं या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी भारतात शॉर्ट, मॅक्रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात विहिरीच्या पाण्यामुळे वाकलेले, पाठीचा कणा ताठ झालेले शेतकरी पाहिले आणि त्याची नोंद केली.

म्हणजे दाट दिसणारं हाड हे आजाराचं लक्षण आहे, हे १९३७ पासून माहीत होतं. मग पुढच्या पिढीला त्यात औषध कसं दिसलं?

कारण समोरचा प्रश्न बदलला. युद्धानंतर पाश्चात्त्य देशांत माणसं जास्त जगू लागली आणि पाळी गेलेल्या बायकांचे मणके दबण्याचं प्रमाण डॉक्टरांच्या डोळ्यांत भरू लागलं. पातळ होत चाललेलं हाड दाट कशानं करायचं? १९६१ मध्ये रिच आणि एन्सिंक यांनी नेचरमध्ये दाखवलं की सोडियम फ्लोराइड दिलं की शरीर कॅल्शियम धरून ठेवतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातून अहवाल आला की ज्या भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे ऑस्टिओपोरोसिस कमी दिसतो. दोन्ही गोष्टी जोडल्या की औषधाची कल्पना आपोआप तयार होते. १९८२ मध्ये खुद्द रिग्ज यांनीच एक अभ्यास छापला: फ्लोराइड आणि कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचे मणके कमी दबतात. युरोपातल्या काही देशांत तर हे औषध मान्यता घेऊन बाजारातही होतं.

पण १९८२ च्या अभ्यासात कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. वेगवेगळे उपचार घेणाऱ्या गटांची तुलना होती, आणि अशा गटांत आधीपासून काय काय वेगळं असतं हे कोण सांगणार? रिग्ज यांना ही अडचण माहीत होती. म्हणून त्यांनी पुढची चाचणी नीट केली. त्यांच्या बाजूनं मला पहिली गोष्ट हीच म्हणायची आहे. आपलाच गाजलेला निष्कर्ष मोडू शकेल अशी चाचणी लावायला धाडस लागतं.

आकडे काय म्हणाले

मणका आधीच दबलेल्या, पाळी गेलेल्या २०२ बायका. चिठ्ठी टाकून दोन गट. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, दुसऱ्याला प्लासिबो. दोन्ही गटांना रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. चार वर्षं.

चार वर्षांनी फ्लोराइडच्या गटात कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढलेली होती. मांडीच्या हाडाच्या मानेची १२ टक्क्यांनी. आजची बरीच औषधं मणक्याची घनता काही टक्क्यांनी वाढवतात आणि आपण समाधानी असतो. ३५ टक्के म्हणजे डेक्साच्या रिपोर्टवर चमत्कारच. तुमच्या मावशीचा असा रिपोर्ट आला असता तर घरात पेढे वाटले असते.

आता मोडलेली हाडं मोजू. नव्यानं दबलेले मणके: फ्लोराइड गटात १६३, प्लासिबो गटात १३६. संख्याशास्त्राच्या हिशेबानं फरक नाही, म्हणजे फायदा शून्य. मणका सोडून बाकीची फ्रॅक्चर: फ्लोराइड गटात ७२, प्लासिबो गटात २४. तिप्पट.

घनता वाढली, आणि मोडणंही वाढलं.

पेपरमध्ये आणखी एक आकडा आहे, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही. हाताच्या पुढच्या भागातल्या हाडाच्या मधल्या दांड्याची घनता ४ टक्क्यांनी कमी झाली होती. हाडात दोन प्रकारची रचना असते: आतलं जाळीदार हाड, जे मणक्यात भरपूर असतं, आणि बाहेरचं टणक, भरीव हाड, ज्याच्यावर हातापायांच्या लांब हाडांची ताकद उभी असते. फ्लोराइडनं जाळीदार भागात भर घातली आणि भरीव भागात घट केली. रिपोर्टमध्ये मणका ठळक दिसतो. पाय मुरगळून पडल्यावर मोडतं ते लांब हाड.

हाड भरलं तरी ठिसूळ का झालं?

हाड समजायला घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आणा. काँक्रीट दाबाला टिकतं, पण वाकवलं की तडकतं. सळई वाक सहन करते. हाडातलं काँक्रीट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. सळई म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. हाडाची ताकद दोन्हींवर आणि दोन्हींच्या एकमेकांवरच्या पकडीवर अवलंबून असते.

फ्लोराइडचा आयन आकारानं हायड्रॉक्सिलच्या जवळपास असतो. तो खनिजातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसतो. असं झालेलं खनिज जास्त स्थिर असतं, आम्लात कमी विरघळतं. दातांना याचा फायदा होतो, कारण तोंडातल्या जंतूंच्या आम्लाशी लढायचं असतं. पण हाड हा दात नव्हे. दाताचं एनॅमल एकदा तयार झालं की झालं. हाड मात्र आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जातं. जुन्या, बारीक तडे गेलेल्या भागाला खाणाऱ्या पेशी असतात, नवा भाग बांधणाऱ्या पेशी असतात, आणि हे काम रोज चालू असतं. स्थिर, न विरघळणारं खनिज या दुरुस्तीच्या कामात सोयीचं असतंच असं नाही.

शिवाय फ्लोराइड बांधणाऱ्या पेशींना चेतवतं. त्या भराभर नवं हाड टाकतात, पण त्यातलं बरंच घाईत टाकलेलं, कोलॅजेनचे धागे विस्कळीत असलेलं. त्यात खनिज भरायलाही वेळ लागतो, त्यामुळे कच्चं हाड साठत जातं. खनिजाचे स्फटिक आकारानं बदलतात आणि कोलॅजेनशी त्यांची पकड ढिली होते. माल भरपूर, बांधणी कच्ची. घनता मोजणारं यंत्र माल मोजतं. बांधणी त्याला दिसत नाही.

एक गोष्ट आणखी. शरीरातलं सुमारे ९९ टक्के फ्लोराइड हाडांत आणि दातांत असतं. निरोगी मोठ्या माणसात पोटातून रक्तात गेलेल्या फ्लोराइडपैकी साधारण निम्मं हाडात जाऊन बसतं, बाकीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. हाडातून ते परत निघायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून इथे "आज किती घेतलं" यापेक्षा "इतक्या वर्षांत किती साठलं" हा प्रश्न महत्त्वाचा, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

पेपरचंही परीक्षण करू

आता रिग्ज यांच्या पेपरवर माझे तीन आक्षेप.

पहिला, मोजणीचा. त्या ७२ आणि २४ मध्ये पूर्ण मोडलेल्या हाडांबरोबर नुसते तडे गेलेली हाडंही धरलेली आहेत. फ्लोराइड घेणाऱ्या बायकांचे पाय दुखायचे. दुष्परिणामांमुळे डोस कमी करावा लागलेल्या बायका फ्लोराइड गटात ५४ होत्या, प्लासिबो गटात २४, आणि पोटाच्या तक्रारींबरोबर पायदुखी हा मुख्य त्रास होता. ज्याचा पाय दुखतो त्याचा एक्स-रे जास्त वेळा काढला जातो, आणि जास्त एक्स-रे काढले की जास्त तडे सापडतात. म्हणजे तिप्पट हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण तडा खोटा नसतो, आणि दुखणारा पायही नाही. आक्षेप आकड्याच्या नेमकेपणावर आहे, दिशेवर नाही.

दुसरा, डोसचा. एकच डोस, तोही मोठा, म्हणजे कमी डोसचं काय हा प्रश्न मोकळाच राहिला. रिग्ज यांनी स्वतः १९९४ मध्ये पुढचं विश्लेषण छापलं आणि घनता किती वेगानं वाढते, रक्तात फ्लोराइड किती चढतं यावर परिणाम बदलतो असं मांडलं. १९९५ मध्ये हळूहळू विरघळणाऱ्या, कमी डोसच्या गोळीनं मणके कमी दबले असा अमेरिकेतलाच एक अभ्यास आला. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ३५४ बायकांच्या चाचणीत मात्र मणक्यांना फायदा दिसला नाही. २००० मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चित्र हेच राहिलं: घनता वाढते, मणके वाचत नाहीत, आणि मोठ्या डोसवर चार वर्षांनी बाकीची फ्रॅक्चर वाढतात.

तिसरा आक्षेप पेपरपेक्षा वाचकांवर आहे. लेखकांनी निष्कर्षात "या चाचणीच्या परिस्थितीत" अशा अर्थाची मर्यादा स्पष्ट घातली होती. ती मर्यादा पुढच्या प्रत्येक उद्धृतात गळून पडली.

तरीही या पेपरनं जे काम केलं ते मोठं आहे. त्यानंतर अमेरिकेच्या औषध नियमन संस्थेनं ऑस्टिओपोरोसिसच्या औषधांकडून केवळ घनतेचा आलेख न मागता फ्रॅक्चर कमी झाल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. त्यामागे फ्लोराइडच्या या अनुभवाचा हात होता.

३४ आणि १.४

आता भांडणाकडे येऊ. तुम्ही अमेरिकेत असाल तर २०२५ मध्ये यूटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केल्याचं ऐकलं असेल. इस्रायलनं सक्तीचं फ्लोरिडेशन २०१४ मध्येच थांबवलं. इंग्लंडमध्ये सुमारे १० टक्के लोकांच्या पाण्यात ते घातलं जातं. हे वाद मुख्यतः दात आणि मेंदू यांच्याभोवती फिरतात, पण हाडांचा मुद्दा आला की कोणीतरी १९९० चा पेपर काढतंच.

मग हिशेब करा. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये निव्वळ फ्लोराइड साधारण ३४ मिलिग्रॅम. अमेरिकेत नळाच्या पाण्यासाठी शिफारस आहे लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची. रोज दोन लिटर पाणी प्यायलात तर १.४ मिलिग्रॅम. फरक चोवीस पटींचा. १९९० च्या पेपरवरून शिकागोच्या नळाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. विरोध करणाऱ्यांनी हा पेपर दाखवणं बंद करावं.

पण बाजूनं बोलणाऱ्यांचं "तो डोस वेगळा होता" हे वाक्यही अर्धंच आहे. वेगळा कोणासाठी? शिकागोतल्या माणसासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये भारत आणि चीनमधला पुरावा तपासून म्हटलं की रोज एकूण १४ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं तर हाडांचा फ्लोरोसिस आणि फ्रॅक्चरचा वाढलेला धोका स्पष्ट दिसतो, आणि साधारण ६ मिलिग्रॅमच्या पुढेही हाडांवर परिणाम होत असल्याच्या खुणा आहेत. आता विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल आणि उन्हात शेतात राबणारी बाई दिवसाला चार लिटर पाणी पीत असेल, तर नुसत्या पाण्यातून २० मिलिग्रॅम झाले. त्याच पाण्यात शिजलेला भात, डाळ आणि चहा वेगळा. मेयोच्या चाचणीत हा प्रयोग चार वर्षं चालला, देखरेखीखाली, १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन, त्रास झाला की डोस कमी करून. गावात तो जन्मापासून चालतो आणि डोस कमी करायला कोणी नसतं.

जिथे हा डोस खरा आहे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टच्या काळ्या कातळावर आहे आणि त्या खडकातल्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. पण पूर्वेकडे कातळ बदलतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवटकडचा भाग इथे जुने ग्रॅनाइट आणि इतर खडक आहेत आणि तिथल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेच्या वर आहे. सीमा ओलांडली की तेलंगणातलं नलगोंडा, ज्याचं नाव या आजाराशी कायमचं जोडलं गेलं आहे. पाणी खडकात जितकं खोल आणि जितका जास्त काळ मुरतं, जितकं त्यात कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त, तितकं फ्लोराइड जास्त विरघळतं. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेल आणि हातपंप वाढले. उघड्या विहिरीतल्या जंतूंपासून सुटका झाली, ती खरीच मोठी गोष्ट होती. पण खोल पाणी म्हणजे स्वच्छ पाणी हा समज या पट्ट्यात खोटा ठरला.

१९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी लॅन्सेटमध्ये फ्लोरोसिसच्या भागातल्या किशोरवयीन मुलांबद्दल लिहिलं. मुलांचे गुडघे आत वळलेले, चालताना एकमेकांवर घासणारे, आणि त्यांच्या हाडांत ऑस्टिओपोरोसिस. थांबा. फ्लोराइडनं हाड दाट होतं म्हणालो ना? कोपनहेगनच्या कामगारांची हाडं पांढरीशुभ्र होती. मग इथे हाडं विरळ कशी?

याचं उत्तर बहुतांशी ताटात आहे. वाढत्या वयात पोटात कॅल्शियम कमी आणि फ्लोराइड जास्त गेलं की नव्यानं टाकलेल्या हाडात भरायला खनिजच पुरत नाही. शरीर मग इतर हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागतं. एकाच पदार्थानं चांगलं खाणाऱ्या माणसाचं हाड दगडासारखं दाट होऊ शकतं आणि अर्धपोटी मुलाचं हाड मऊ, वाकणारं. दोन्ही हाडं कमजोरच. मेयोच्या चाचणीचं मला सगळ्यात जास्त खुपतं ते इथे: तिथल्या प्रत्येक बाईला भरपूर कॅल्शियम मिळत होतं. म्हणजे त्या चाचणीत दिसलेलं नुकसान हे सगळ्यात सुस्थितीतल्या शरीरातलं नुकसान आहे. पांढरकवड्याच्या शेतमजूर बाईवर तो निष्कर्ष लावायचा असेल तर खालच्या अंगानं नाही, वरच्या अंगानं लावावा लागेल.

उपाय नाहीत असं नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची पद्धत तयार केली. तिचं नावच नलगोंडा पद्धत. स्वस्त आहे, साधी आहे. पण रोज मोजून तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ काढायचा, तो कुठेतरी टाकायचा, आणि हे वर्षानुवर्षं चुकवायचं नाही. असं काम गावातल्या एखाद्या बाईच्या अंगावर पडतं किंवा बंद पडतं. नदीचं पाणी नळानं आणणं हा जास्त टिकाऊ मार्ग आहे. आणि कॅल्शियमयुक्त पुरेसं खाणं, ज्याला कुठलंही यंत्र लागत नाही, पैसे लागतात.

मधल्या पट्ट्याचं काय?

आता प्रामाणिकपणे अवघड भाग. ०.७ आणि ५ यांच्या मध्ये काय होतं?

२००१ मध्ये चीनमधल्या सहा ठिकाणच्या ८,२६६ लोकांचा अभ्यास छापला गेला. पाण्यातलं फ्लोराइड ०.२५ पासून जवळजवळ ८ मिलिग्रॅमपर्यंत. सगळ्यात कमी फ्रॅक्चर दिसली ती १ मिलिग्रॅमच्या आसपास. ४.३ च्या वरच्या गटात ती स्पष्ट वाढलेली होती. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं तिथली ४ मिलिग्रॅमची कायदेशीर कमाल मर्यादा कमी करावी असं सांगितलं, त्यामागच्या कारणांत फ्रॅक्चरचा धोकाही होता. भारतीय मानक याहून कडक आहे: १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५.

त्याच्याही खाली गेलं तर स्वीडनकडे बघावं लागतं. २०१३ मध्ये तिथल्या पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदींमध्ये पाण्यातलं फ्लोराइड आणि खुब्याचं फ्रॅक्चर यांचा संबंध सापडला नाही. २०२१ मध्ये तिथल्याच चार हजारांहून अधिक वयस्क बायकांचा अभ्यास आला. पाणी १ मिलिग्रॅमच्या आतलं. ज्यांच्या लघवीत फ्लोराइड जास्त त्यांची हाडांची घनता थोडी जास्त, आणि खुब्याची फ्रॅक्चरही जास्त. मेयोचीच गोष्ट, बारीक आवाजात. पण लघवी एकदाच तपासलेली, आणि अभ्यास निरीक्षणाचा, चिठ्ठी टाकून केलेला नाही. यावरून नळ बंद करावा असं मी म्हणणार नाही. प्रश्न मिटला असंही म्हणणार नाही. हा अभ्यास मला थांबवतो तो एका कारणासाठी: जर कोणी फक्त घनता मोजून थांबलं असतं, तर त्यांनी फ्लोराइड हाडांसाठी चांगलं आहे असा निष्कर्ष काढला असता. फ्लोराइड हाडांसाठी चांगलं आहे असा निष्कर्ष १९६६ मध्येही काढला गेला होता. पुन्हा होऊ शकतं.

आणि पाणी हा एकच स्रोत नाही हे आपल्या चहाबाज जमातीला सांगायला हवं. चहाचं झाड मातीतून फ्लोराइड शोषतं. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्येच अमेरिकेतल्या एका ४७ वर्षांच्या बाईची केस आली होती. तिची हाडं दाट, मणक्याच्या बंधांत कॅल्शियम साचलेलं. कारण सापडलं: सतरा वर्षं रोज शंभर ते दीडशे टी-बॅग टाकून केलेला जगभर चहा. तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन कपांना घाबरायचं कारण नाही. पण "दाट हाड" बघून कोणी खूश झालं असतं तर तिचं निदान राहून गेलं असतं.

मग आईच्या रिपोर्टचं काय करायचं?

तो फेकून देऊ नका. औषध सुरू नसताना कमी घनता हा फ्रॅक्चरच्या धोक्याचा खरा इशारा असतो, आणि आज वापरात असलेल्या बऱ्याच औषधांनी घनता वाढवण्याबरोबर फ्रॅक्चर कमी केल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. फ्लोराइड हा त्या नियमाला अपवाद आहे. अपवाद लक्षात ठेवायचा तो नवं काही आल्यावर विचारायला: या गोळीनं, या पावडरनं, या "बोन स्ट्रेंथ" लिहिलेल्या डब्यानं घनता वाढते म्हणता, ठीक आहे, पण हाडं कमी मोडली का? कोणाची? किती वर्षांत? किती डोसवर?

आणि घरचं गाव यवतमाळ, चंद्रपूर किंवा किनवटच्या पट्ट्यात असेल तर एक प्रश्न आधी विचारा, जो डेक्साच्या रिपोर्टवर कुठेच छापलेला नसतो. घरात पाणी कुठून येतं? बोअरचं असेल तर त्यातलं फ्लोराइड कधी तपासलंय का? दातांवर तपकिरी पट्टे, सकाळी न वाकणारी पाठ, आणि रिपोर्टवर वयाच्या मानानं आश्चर्य वाटावं इतका चांगला आकडा, हे तिन्ही एकत्र दिसलं तर पेढे आणण्याआधी पाण्याची बाटली तपासणीला पाठवायला सांगा.